गुणाजीतात्यांचे वजन आणि माझी सत्कृत्ये

८ जुलै, सोमवार, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. वजन ४३.४ किलो. रक्तदाब ११०/७०. हिमोग्लोबिन ८.९. गुणाजीतात्यांच्या नावासमोर मी त्या दिवशी केलेली ही नोंद. वयाच्या रकान्यात मी एकाहत्तर लिहिले, कारण आधार कार्डावर तसे आहे. तात्यांचा स्वतःचा अंदाज "पासष्ट धरा, नायतर पंच्याहत्तर" असा होता आणि दहा वर्षांची ही तफावत त्यांना मुळीच गैरसोयीची वाटत नव्हती.

मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. पदनाम भारदस्त असले, तरी माझ्या ताब्यात दोन खोल्यांचे एक उपकेंद्र, एक वजनकाटा, रक्तदाबाची दोन यंत्रे (त्यांपैकी एक चालू) आणि गोळ्यांचे एक कपाट एवढेच आहे. गाव मालवण तालुक्यातले, धामापूरच्या तळ्यापासून फार दूर नाही. नाव देत नाही, कारण गावातले सगळे दिवाळी अंक वाचतात आणि सोमवारी माझ्याकडेच येतात. बाहेरच्या वाचकासाठी कामाचे स्वरूप सांगायचे तर तीन क्रियापदे पुरतात : मोजणे, लिहिणे, पाठवणे. बरे करणे हे चौथे क्रियापद, पण ते बहुधा कुडाळ, मालवण किंवा ओरोस येथे घडते. आम्ही माणसाला तिथपर्यंत नीट पोहोचवतो.

मोजणे हे काम लोकांना वाटते तितके कोरडे नाही. आमच्याकडे एक बाई येत, त्यांना दोन्ही हातांचा रक्तदाब मोजून हवा असे आणि त्यांतला जो कमी येईल तोच लिहायचा, असा त्यांचा आग्रह. का, तर नणंदेचा त्यांच्यापेक्षा कमी होता. "तिचो एकशेवीस आणि माजो एकशेचाळीस? माका काय तिच्यापेक्षा जास्त ताप आसा?" मी त्यांना गोळी सुरू केली. नणंदेला कळल्यावर तीही गोळी मागायला आली. अशा वातावरणात शास्त्र टिकवून ठेवणे हे माझे ध्येय होते, आणि त्याच्या जोडीला, खोटे कशाला सांगू, पुढचे शिक्षण, एखादा प्रसिद्ध झालेला शोधनिबंध आणि जिल्ह्याच्या ठिकाणी बदली, हीदेखील ध्येये होती.

तर गुणाजीतात्या. हयातभर त्यांनी गावातल्या माडांवर चढून नारळ काढले. कोणाच्या बागेत कोणता माड कोणत्या साली लावला, कोणाचा माड वळणावर पोकळ आहे, हे त्यांना रेशनकार्डासारखे पाठ. बायको सहा वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. घरात सहा कोंबड्या, परसात भाजीचा एक वाफा, उकड्या तांदळाचा नि कुळथाचा थोडा साठा. चढउतारात जांघेला हर्निया झाला होता आणि तो त्यांनी अकरा वर्षे लंगोटाच्या आधारावर सांभाळला होता. त्या जुलैत तो इतका मोठा झाला की मी त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी शल्यचिकित्सकांना दाखवून आणले. डॉक्टरांनी तपासले, त्यांच्या दंडाला दोन बोटांनी धरून पाहिले आणि मला म्हणाले, "सिस्टर, यांना भूल कशाला द्यायची? आधी माणूस तर द्या. रक्त दहाच्या वर, वजन पंचेचाळीसच्या वर. मग आणा. आणि फार उशीर करू नका. आतडे अडकले तर मग वजन विचारायला वेळ राहत नाही."

म्हणजे प्रश्न स्वच्छ मांडला गेला होता : दीड किलो आणि थोडे रक्त. रक्तासाठी गोळ्या होत्या. दीड किलोसाठी मी योजना आखली.

योजनेला निमित्तही आयते मिळाले. परगावच्या एका संस्थेने त्याच महिन्यात आमच्या भागातल्या गावांसाठी 'रोज एक सत्कृत्य' नावाची मोहीम आणली होती. छोट्याछोट्या दैनंदिन चांगुलपणाने माणसाचे आयुष्य सुधारते, देणाऱ्याचेही आणि घेणाऱ्याचेही, असे तिचे प्रतिपादन. ते मला तेव्हाही पटले होते आणि आजही पटते. मात्र मोहिमेत प्रत्येक सत्कृत्याचा एक फॉर्म होता, फॉर्मसोबत फोटो होता आणि फोटोवर ठिकाण, तारीख, वेळ उमटणे सक्तीचे होते. गावांची गुणानुक्रमे यादी लागणार होती. समन्वयक म्हणून मी माझे नाव स्वतःहून दिले. शोधनिबंधाचे शीर्षकही त्याच दुपारी ठरवले : 'नियोजित परोपकाराचा एकाकी ज्येष्ठांच्या वजनावर होणारा परिणाम'.

पहिल्या आठवड्यातच गावाने चांगुलपणाचा असा सपाटा लावला की माझा फोन भरून गेला. एका गृहस्थांनी म्हशीला रस्ता ओलांडू दिला. फोटोत म्हैस अगदी कृतज्ञ दिसत होती. दुसऱ्यांनी एका झाडाला पाणी घातले. ऐन जुलैत, कोसळत्या पावसात, छत्री धरून. तिसऱ्यांनी शेजाऱ्याला नवी छत्री दिली आणि फोटो निघाल्यावर परत घेतली. शेजारी तक्रार घेऊन माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला सांगितले की फॉर्ममध्ये परत घेण्याचा रकाना नाही.

या गोंधळात माझी योजना हीच काय ती गंभीर गोष्ट होती. तात्यांच्या वाडीतली सात घरे, आठवड्याचे सात वार. प्रत्येक घराने आपल्या वारी तात्यांना एक डबा द्यायचा. मी तक्ता केला, सात रंगांत. आमच्या आशा सेविका संजनाताई यांनी तो घरोघर नेऊन लावला. संजनाताई याच गावच्या, चाळिशीच्या, आठवीपर्यंत शिकलेल्या. तक्त्याकडे बराच वेळ बघून त्या एवढेच म्हणाल्या, "रंग बरे आसत."

शिवाय मी तात्यांना लेखी आहार दिला : घरच्या कोंबड्यांची रोज दोन अंडी, सकाळ-संध्याकाळ पेजेसोबत कुळीथ, खोबरे. दुपारी डबा. हिशेबाने महिन्याभरात दोन किलो वाढायला हरकत नव्हती.

१५ जुलै : ४३.०.

काट्याला एवढा फरक माफ असतो, असे मी स्वतःला समजावले.

२२ जुलै : ४२.३.

आता माफी संपली. काटा तपासला, दहा किलोच्या तांदळाच्या पिशवीला तो दहाच किलो म्हणत होता. मग तात्यांना तपासले. जंताची गोळी दिली. थुंकी पाठवली, साखर पाहिली, थायरॉइडसाठी रक्त कुडाळला धाडले. सगळे अहवाल उत्तम आले. कागदोपत्री गुणाजीतात्या वाडीतले सर्वांत निरोगी गृहस्थ होते आणि माझ्या डोळ्यांसमोर झिजत चालले होते.

मी त्यांना प्रश्नावली घेऊन बसवले.

"डबा रोज येतो?"

"येता तर. न चुकता येता. काल शिरो हाडल्यानी, केशर घालून."

"अंडी संपतात का रोजची?"

"संपतत."

"कुळीथ?"

"तोव संपत इलो."

मी तिन्ही ठिकाणी 'होय' लिहिले. मोहिमेच्या फॉर्मातला एक प्रश्नही उरकून घेतला : या आठवड्यात आपण कोणाला काही दिलेत का? कोणाला मदत केलीत का?

तात्या ओशाळे हसले. "मी खंय कोणाक मदत करतलंय, बाय? माका माजाच होणा नाय."

तिथे मी शून्य लिहिले. माझ्या नोकरीतली ही सर्वांत चुकीची नोंद. ती अजून तशीच आहे. खोडायला परवानगी लागते.

२९ जुलै : ४१.५.

त्या आठवड्यात बुधवारचे घर वैभववाडीला लग्नाच्या बोलणीसाठी गेले आणि तक्त्यात भोक पडले. तक्त्यात भोक मला सहन होत नाही. मी स्वतः मुगाची उसळ आणि चार चपात्या करून माझा स्टीलचा डबा तात्यांना नेऊन दिला, नियमानुसार फोटोही काढला. दुसऱ्या दिवशी तात्या उपकेंद्रात आले, काठी टेकत, जांघेवर एक हात दाबून, आणि टेबलावर माझा डबा ठेवला. डबा जड होता. उघडला तर आत दोन अंडी, मूठभर कुळीथ आणि फडक्यात बांधलेली आमसुले.

आमच्या भिंतीवर एक सूचना लावलेली आहे : कर्मचाऱ्यांनी कोणतीही भेटवस्तू स्वीकारू नये. ती मीच लावली आहे.

"तात्या, हे मला चालणार नाही. आणि ही अंडी तुमच्यासाठी आहेत."

"अहो, डबो रिकामो कसो देवचो?"

"रिकामाच द्यायचा. मी तुम्हांला दिला, तुम्ही खाल्लात, संपले."

"संपला कसा?" त्यांना खरोखरच समजले नव्हते. "भांडा घरातसून रिकामा जाणा नाय."

मी अंडी, कुळीथ, आमसुले पुन्हा फडक्यात बांधून त्यांच्या हातात दिली आणि रिकामा डबा धुऊन कपाटात ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिले ते मी फार दिवस विसरले नाही. मी त्यांचा अपमान केला होता, आणि तोही हात स्वच्छ धुऊन.

ते गेल्यावर मला एक साधी बेरीज सुचली. ती तीन आठवडे आधी सुचायला हवी होती. मी संजनाताईंना विचारले, "तुमच्या घरचा वार कोणता?"

"सुक्रवार."

"शनिवारी भांडे परत येते तेव्हा त्यात काय असते?"

"काय आसताला? दोन अंडी. कुळीथ. एकदा नारळ होतो. एकदा तांदूळ होते."

सात घरे, सात भांडी, आठवड्याला चौदा अंडी. कोंबड्या सहा, त्यांतल्या दोन खुडूक. मी कागद ओढला आणि दोन रकाने केले : तात्यांच्या घरात काय येते, तात्यांच्या घरातून काय जाते. येत होते ते बहुतेक फोटोसाठी निवडलेले : वाटीभर केशरी शिरा, वर काजू लावलेले कस्टर्ड, एका मंगळवारी तर फ्रूट सॅलड. जात होते ते अंडी, कुळीथ, खोबरे, तांदूळ. शिरा जिभेला चांगला असेल, पण माणूस अंड्या-कुळथावर उभा राहतो. माझ्या योजनेने गावाकडून तात्यांना पोसून घ्यायचे ठरवले होते आणि प्रत्यक्षात तात्याच गाव पोसत होते, सात रंगांत, न चुकता.

"ताई, तुम्हांला हे दिसत होते?"

"दिसत होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलास खंय? तुमी फारम भरूक सांगलास. भरलंय." मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "आणि एका घराक बघलास तर दोनच अंडी हो. दोन अंड्यांचा काय एवढा? सगळी मिळान कितकी जातत ता कोण मोजता?"

मोजण्यासाठी सरकार मला पगार देते. हे त्यांनी म्हटले नाही. त्या चांगल्या स्वभावाच्या आहेत.

पुढे जे झाले ते माझ्या त्या धुतलेल्या डब्यामुळे झाले, याबद्दल मला शंका नाही. एका भांड्याची परतफेड नाकारली गेली म्हटल्यावर तात्यांनी सगळीच भांडी नाकारली. शुक्रवारचा डबा दारातून परत गेला, शनिवारचाही. रविवारी रेश्मावयनी, तात्यांच्या अगदी शेजारच्या, मोठी बाग असलेल्या, घावणे नि नारळाचा रस घेऊन गेल्या, तर तात्या आतूनच म्हणाले, "माजा जेवण झाला." वयनी माझ्याकडे आल्या त्या रागातच.

"चूल थंड पडली हा तेंची! जेवण झाला म्हणतत! तुमी काय सांगलास तेंका?"

"मी फक्त म्हटले की भांड्यात काही घालून देऊ नका."

"अगो बाय माझे," वयनींनी कपाळाला हात लावला. "मगे तो माणूस घेतलो कसो?"

५ ऑगस्टला तात्या वजनाला आले नाहीत. ६ ऑगस्टला, सकाळी अकराला, संजनाताईंचा फोन आला. तात्या परसात वाफ्याजवळ बसले होते आणि उठेनात. मी पोहोचले तेव्हा जांघेतला फुगवटा नारळाएवढा, कडक, आणि चेहरा राखेसारखा. अकरा वर्षे आत-बाहेर करणारा हर्निया त्या सकाळी आत जायला तयार नव्हता. मी त्यांना ओट्यावर उताणे निजवले, पायांखाली दोन उशा, गार पाण्याची घडी, आणि रुग्णवाहिकेला फोन केला. बाकी करण्यासारखे काही नव्हते. उलटी झाली, रंग बदलला, तर काय होते हे मला पुस्तकातून ठाऊक होते, आणि इथून ओरोसला किती मिनिटे लागतात तेही. रेश्मावयनी पायाशी बसून राहिल्या. तात्या डोळे मिटून श्वास मोजल्यासारखा घेत होते. पस्तीस मिनिटांनी, रुग्णवाहिका वळणावर वाजत असताना, फुगवटा आपोआप नरम पडला आणि सरकून आत गेला.

तात्यांनी डोळे उघडले. पहिले वाक्य : "ड्रायव्हराक चाय दिल्याशिवाय धाडू नका. इतक्या लांबसून इलो तो."

डॉक्टरांना फोनवर सगळे सांगितले. ते म्हणाले, "या वेळी नशीब. पुढच्या वेळी मी चाळीस किलोच्या माणसावर तातडीची शस्त्रक्रिया करीन, आणि त्याबद्दल मी तुम्हांला काही आश्वासन देत नाही."

दुपारी वजन घेतले : ४०.८.

मी पुन्हा विचाराला बसले. समस्या भांड्याची आहे, तर भांडेच काढून टाका. उपाय मला सुंदर वाटला : केळीच्या पानावर अन्न द्यायचे. पान परत करायचे नसते, म्हणून त्यात काही घालायचेही नसते. रेश्मावयनींना तो पटला नाही, पण माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी पानावर भात, काळ्या वाटाण्यांची आमटी, भाजी असे नीट बांधून नेले. तात्यांनी पान घेतले, मान डोलावली आणि वयनींच्या डोळ्यांदेखत ते शेजारच्या गोठ्यात गाईसमोर ठेवले. चिडून नव्हे. त्यांना वाटले, भांड्याशिवाय पानावर आले म्हणजे तो गाईचा घासच असणार.

वयनींनी मला हे सांगितले तेव्हा संजनाताई नोंदवही भरत बसल्या होत्या. त्यांनी पेन खाली ठेवले.

"मॅडमानू, एक सांगू? रागवू नकात."

"सांगा."

"माणसाक देवक कोणव तयार आसता. तुमी सात घरां देवक लावलास. तेंच्याकडे मागूक एक तरी घर लावा."

"काय मागायला? त्यांच्याकडे आहे काय?"

"अंडीच आसत काय माणसाकडे?" त्या रेश्मावयनींकडे वळल्या. "वयनी, तुमच्या बागेत गेल्या खेपेक काय झाला?"

वयनींचा पारा चढला. नारळ काढायला हल्ली कुडाळकडून एक जण पायाला यंत्र लावून येतो; चढतो झकास, पण त्याला माड ओळखता येत नाहीत. गेल्या खेपेला त्याने दोन माडांचे कोवळे घडच्या घड उतरवले होते. नारळी पौर्णिमा तोंडावर, मग गणपतीची चवथ, प्रत्येक घरात नारळ हवे. "तात्या आसले तर खालसून सांगतले," वयनी म्हणाल्या आणि त्यांनी एकदम संजनाताईंकडे पाहिले. त्यांना समजले. मला समजायला आणखी काही सेकंद लागले.

या भागात एक दंडक आहे. ज्या घरी काम, त्या घरी कामाच्या माणसाचे जेवण. त्याला कोणी मदत म्हणत नाही, उपकार म्हणत नाही. तो कामाचा भाग आहे. आणि माणूस घरी बसून जेवला की भांडे उंबऱ्याबाहेर जातच नाही. परत काय करणार?

तरी मी साशंक होते. निमंत्रणात करुणेचा वास आला तर तात्या ओळखतील, असे मला वाटत होते. रेश्मावयनी गेल्या त्या करुणा घेऊन गेल्याच नाहीत. तात्यांच्या दारात उभ्या राहून त्यांनी भांडण काढले.

"तात्यानू, तुमी हय पडान ऱ्हवा आणि थय माझ्या माडांचा वाटोळा होवदे! तो मेलो येतलो उद्या. कवळे काढल्यान तर तुमका बोल लावतलंय मी!"

"माका कित्याक बोल?" तात्या उठून बसले. "मी काय केलंय?"

"काय करुकच नाय, म्हणान!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस उघडला होता. तात्या रेश्मावयनींच्या बागेत खुर्चीवर बसले होते, काठी आभाळाकडे रोखून. मी रक्तदाब मोजायचे निमित्त करून गेले.

"तो नको रे! तो अजून कवळो आसा! तेच्या मागचो... मागचो म्हटलंय, तुजो मागचो नाय, माडाचो!"

वरचा माणूस वैतागून ओरडला, "आजोबानू, हय येवन दाखवा!"

"इलंय आसतंय, रे. तुजो बापूस ल्हान होतो तेव्हा मी यंत्राशिवाय चढलंय!"

दुपारी पंगत बसली : वरचा माणूस, नारळ वाहून नेणाऱ्या दोन बाया आणि मध्ये तात्या. भात, आमटी, भाजी, वर शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, नि रस. तात्यांनी भात तीनदा घेतला. निघताना वयनींनी चार नारळ त्यांच्या पायाशी ठेवले आणि त्यांनी ते न बघताच उचलले. हक्काचे होते.

मग बागांची रांग लागली. चवथीपर्यंत आजूबाजूच्या घरांतून तात्यांना बोलावणी येत राहिली. काही खऱ्या गरजेपोटी, काही तशी नसावीत; दोन माड असलेल्या एका घराने दोन दिवस बोलावले, रोज एक माड. त्यात चांगुलपणा किती आणि नारळांची काळजी किती, हे वेगळे काढण्याची कोणतीही पद्धत माझ्या अभ्यासक्रमात नव्हती. मी तो प्रयत्न केला नाही.

१२ ऑगस्ट : ४१.२. २६ ऑगस्ट : ४२.६. गौरी-गणपती झाले, गावात पुन्हा मासे शिजू लागले. ९ सप्टेंबर : ४३.७. रक्त दहाच्या वर गेले. कोंबड्यांची अंडी आता घरातच राहत होती. सातरंगी तक्ता संजनाताईंनी उतरवून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लसीकरणाच्या तारखा लिहिल्या.

एक दुःखद बाब नोंदवायची राहिली. मोहिमेच्या यादीत आमचे गाव शेवटून पहिले आले. ऑगस्ट आणि सप्टेंबर या दोन्ही महिन्यांत आमच्याकडून एकही सत्कृत्य नोंदवले गेले नाही. संस्थेच्या प्रतिनिधी बाईंनी फोन करून सौम्य शब्दांत विचारले, की लोकांचा उत्साह का मावळला? मी म्हटले, लोक नारळ काढण्यात गुंतले आहेत. त्या म्हणाल्या, "अच्छा, म्हणजे आर्थिक व्यवहारात." मी 'हो' म्हटले. म्हशीचा फोटो पाठवणाऱ्या गृहस्थांना विशेष प्रशस्तिपत्र मिळाले. माझा शोधनिबंध लिहून झाला नाही. निष्कर्ष मात्र स्पष्ट होता : नियोजित परोपकाराचा ज्येष्ठांच्या वजनावर परिणाम होतो, आठवड्याला उणे सहाशे ग्रॅम.

आणि मी ज्याला मदत म्हणत होते, त्यात घेणाऱ्याने गप्प बसून घ्यायचे, एवढेच मी गृहीत धरले होते. माझ्यावर कोणाचे काही नको, हे माझे तत्त्व. चार वर्षांत मी या गावात कोणाच्या घरी घोटभर चहादेखील घेतला नव्हता. ही सचोटी आहे, अशी माझी समजूत होती. वाडीतल्या बायकांचे मत वेगळे होते, हे मला खूप नंतर संजनाताईंनी सांगितले : "आमी म्हणायचो, मॅडम बरी आसा, पण वायच कंजूस."

शस्त्रक्रियेची तारीख धरायची, तर वजनाचा ताजा आकडा त्याच दिवशी कळवायचा होता. ३० सप्टेंबर, सोमवार, सकाळचे नऊ वाजून पंचवीस मिनिटे. तात्या आले. काखेत एक भले मोठे तवसे, परसातल्या वेलाचे, पिवळट पडू लागलेले. तवशासकट ते काट्यावर चढले.

काटा म्हणाला ४६.३.

बाकावर बसलेल्या बायांत आनंदाची लाट उसळली. मी हात वर केला. पंचेचाळीसच्या वरचे जे काही होते ते तात्यांचे होते की काकडीचे, हा प्रश्न डॉक्टरांच्या दृष्टीने गौण नव्हता.

"तात्या, तवसे खाली ठेवा आणि पुन्हा उभे राहा."

"खाली कित्याक ठेवू? तुका हाडलंय."

"मला घेता येत नाही. भिंतीवर लिहिले आहे बघा."

"माका वाचूक येणा नाय," तात्या म्हणाले. ते रोज वर्तमानपत्र वाचतात. "तू घेतलंस तर उतरतंय. नायतर हयच उभो आसंय. मांड तुका काय मांडूचा ता."

संजनाताई नोंदवहीत डोके घालून हसत होत्या. बाकावरच्या बाया अजिबात हसत नव्हत्या. त्या बघत होत्या.

मी उठले आणि दोन्ही हातांनी तवसे घेतले. ते अपेक्षेपेक्षा गार आणि जड होते. हात भरलेले असल्यामुळे आकडा मी संजनाताईंना वाचून दाखवला आणि त्यांनी माझ्या वतीने लिहिला.

४५.१.